काळी खिडकी : १०२२वा फोटो

गेल्या वेळी फाइलींच्या परवानग्यांबद्दल लिहिलं होतं. या वेळी पाइपवर लिहायचं ठरलं होतं, पण मध्येच आमच्याकडे एक भानगड झाली, म्हणून पाइप पुढे ढकलला.

झालं असं, की आईला ८० वर्षं पूर्ण होणार होती. माझ्या भाच्यानं (इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष) घरातले सगळे जुने अल्बम स्कॅन केले, दांडिया बाजारातल्या वाड्यापासून ते परवाच्या बारशापर्यंत. एकूण १३४० फोटो. पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून त्यांचा एक मोठा पट बनवायचा आणि छापून आजीला द्यायचा, असा बेत. शनिवारी सकाळी छापखान्यात फाइल द्यायची होती. शुक्रवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन.

"मावशी, प्रोग्रॅम मध्येच मरतोय. सोळा जीबी रॅम आहे अगं!"

"एरर काय येतोय?"

"टू मेनी ओपन फाइल्स."

"कितव्या फोटोला मरतो?"

"१०२२व्या. दर वेळी तिथंच."

मला हसूच आलं. हा आकडा ज्यांनी लिनक्सवर थोडे दिवस काढलेत त्यांच्या ओळखीचा आहे. एका प्रोग्रॅमला एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतात, याला मर्यादा असते आणि ती बहुतेक लिनक्स मशीनवर १०२४ असते. त्यातल्या तीन जागा सुरुवातीपासूनच भरलेल्या : कीबोर्डवरून येणारं, पडद्यावर जाणारं आणि चुका सांगणारं. उरल्या १०२१. रॅमचा इथे संबंधच नाही.

ही मर्यादा बघायची कमांड म्हणजे यूलिमिट. (स्पेलिंग यू-एल-आय-एम-आय-टी, सगळी छोटी अक्षरं.) पुढे 'वजा ए' लावलं की सगळ्या मर्यादांची यादी येते, आणि 'वजा एन' लावलं की फक्त उघड्या फाइलींचा आकडा.

प्रत्येक मर्यादेचे दोन आकडे असतात, सॉफ्ट आणि हार्ड. प्रत्यक्षात लागू असतो तो सॉफ्ट. तो तुम्ही स्वतः वाढवू शकता, पण हार्डपर्यंतच. हार्ड आकडा कुणीही खाली आणू शकतं. परत वर न्यायचा तर रूटच लागतो. भाच्याच्या उबुंटूवर सॉफ्ट १०२४ आणि हार्ड १०,४८,५७६ होता. म्हणजे वाढवायला भरपूर जागा होती.

पण फोनवर बोलता बोलता या पठ्ठ्यानं एक उद्योग केला. दर वेळी हजार फोटोंची वाट बघायला नको, म्हणून चाचणीपुरती मर्यादा ५० केली : यूलिमिट, वजा एन, ५०. चाचणी झाली. मग पुन्हा १०२४ टाइप केलं, तर उत्तर आलं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

यात भलेभले फसतात. नुसता आकडा दिला की बॅश सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही बदलते. फक्त सॉफ्ट बदलायचा असेल तर वजा चिन्हापुढे मोठा एस, मग छोटा एन. त्यानं घाबरून सुडो लावून पाहिलं, तर 'कमांड नॉट फाउंड'. तेही बरोबरच, कारण यूलिमिट हा वेगळा प्रोग्रॅम नाहीच, तो शेलच्या पोटातला भाग आहे. तसा तो असावाच लागतो. मर्यादा आईकडून मुलाकडे जाते, मुलाकडून आईकडे नाही. यूलिमिट वेगळा प्रोग्रॅम असता तर त्यानं स्वतःची मर्यादा बदलली असती, संपला असता, आणि शेल होती तिथेच राहिली असती.

"आता लॅपटॉप फॉरमॅट करू का?" त्याचा आवाज अगदी रडवेला.

"अरे, खिडकी बंद कर आणि दुसरी उघड!" नवी शेल त्या बिघडलेल्या शेलची मुलगी नसते, त्यामुळे तिच्याकडे जुने आकडे तसेच असतात.

असे प्रयोग करायचे तर सगळं गोल कंसात लिहावं : कंसात आधी यूलिमिट, मग अर्धविराम, मग प्रोग्रॅम. कंसासाठी वेगळी उपशेल निघते आणि काम झालं की मर्यादेसकट संपते. बेभरवशाचा प्रोग्रॅम मी असाच चालवते. 'वजा व्ही'नं मेमरीला आवर घालता येतो; आकडा किलोबाइटमध्ये, म्हणजे २०,००,००० म्हणजे साधारण दोन जीबी. 'वजा टी'नं प्रोसेसरचे सेकंद ठरतात. हे घड्याळाचे सेकंद नव्हेत. प्रोग्रॅम नुसता वाट बघत बसला तर ते मोजले जात नाहीत.

'वजा यू' म्हणजे एका वापरकर्त्याच्या प्रोसेसची संख्या. हिची किंमत मला पहिल्या नोकरीत कळली. माझी एक स्क्रिप्ट चुकून स्वतःलाच बोलवत होती, एकाच्या दोन, दोनाच्या चार. सर्व्हर सगळ्यांचा एकच आणि मर्यादा कुणी घातलेली नव्हती. मिनिटाभरात कुणाला साधी एलएस कमांडही चालवता येईना. शेवटी मशीन बंद करून चालू केलं, आणि शेजारच्या बाईंचं दुपारभराचं न साठवलेलं काम गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

भाच्याकडे परत येऊ. सॉफ्ट मर्यादा ४०९६ केली असती तर प्रोग्रॅम दोन मिनिटांत धावला असता, आणि खरं सांगते, अकरा वाजता मलाही तो मोह झाला. पण त्याचा कोड वाचला. लांबी-रुंदी बघायला तो प्रत्येक फोटो उघडत होता, यादीत ठेवत होता आणि बंद करत नव्हता. लागत होता एका वेळी एकच फोटो. म्हणून त्याला 'विथ' वापरायला लावलं : फोटो उघड, माप घे, बंद कर. मर्यादा १०२४च ठेवून १३४० फोटो पार झाले. मोठ्या डेटाबेसला किंवा वेबसर्व्हरला हजारो फाइली खरोखरच लागतात, तिथे आकडा वाढवावाच. चालू प्रोग्रॅमचा आकडा बघायला किंवा बदलायला प्रलिमिट नावाची कमांड आहे. तिला प्रोसेसचा क्रमांक द्यायचा.

शनिवारी पट छापून आला. आईनं भिंग घेऊन अर्धा तास बघितला आणि म्हणाली, "छान झालाय रे, पण बापूकाका दोनदा आलेत." एकच फोटो, दोन अल्बममधून स्कॅन झालेला. एकसारख्या फाइली काळ्या खिडकीतून कशा शोधायच्या ते पुढच्या वेळी. पाइप तिथे लागेलच.