व्हॉल्यूम कमी, प्लीज!

प्रत्येक ऑफिसात असा एक प्राणी असतोच. दिवसभर कानाला हेडफोन, हाक मारली तर 'ओ' नाही. मग कॅन्टीनमध्ये आपण म्हणतो, 'ॲटिट्यूड बघा साहेबांचा!' खरं सांगते, मीही म्हणायचे. माझ्या मावसभावाला हिंजवडीत नोकरी लागेपर्यंत.

वय चोवीस, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बाप माणूस आणि ऑटिस्टिक. एसीची घरघर, प्रिंटरची खरखर, मागच्या टेबलावरचं क्रिकेट, हे सगळं आपला मेंदू आपोआप मागे ढकलतो. त्याच्या डोक्यात सगळं एकाच व्हॉल्यूमवर वाजत राहतं. "ताई, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोल-ताशासमोर बसून एक्सेल भरून दाखव," तो म्हणाला, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

त्याचं औषध म्हणजे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. फंडा सोपा आहे. छोटा माइक बाहेरचा आवाज पकडतो, हेडफोन बरोब्बर उलटी लहर सोडतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या याचं गणित मांडलं, ते प्रवाशांसाठी. एसी, इंजिन अशा सलग आवाजावर ते मस्त चालतात. कुकरची शिट्टी किंवा अचानक वाजलेला हॉर्न मात्र आत घुसतोच.

दुसरं गॅजेट मनगटावरचं. घाम आला की त्वचेतून वीज जास्त सहज वाहते. हा पट्टा तेच मोजतो. एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांच्याकडून एका विद्यार्थ्याने सुट्टीसाठी असे दोन पट्टे नेले. त्याचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक होता, बोलायचा नाही. त्याला कशाचा ताण येतो ते बघायचं होतं. एका मनगटाचा आलेख अचानक प्रचंड उसळलेला दिसला. नंतर कळलं, त्यानंतर लगेच भावाला फिट आली होती! त्या धाग्यातून पुढे फिट ओळखणारं घड्याळ तयार झालं आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. पण आत उसळलंय ते भीतीने की आनंदाने, हे पट्ट्याला कळत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

आमच्याकडे नेमकं तेच कुणी विचारलं नाही. "मीटिंगमध्ये हेडफोन काढ, उद्धट दिसतं," असं बॉसने सुनावलं. भावाने काढले. तिसऱ्या दिवशी लंच टाइमला तो जिन्यात कान दाबून बसला होता. रात्री राजीनामा टाइप करून मला फॉरवर्ड केला.

मी म्हटलं, थांब. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार, ते त्यात लिहायचं असतं. आम्ही एचआरला चार ओळींचा मेल टाकला. एचआरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं! पण आठवडाभरात हेडफोनला परवानगी आली, कोपऱ्यातली जागा मिळाली आणि मीटिंगचे मुद्दे आधी मेलवर यायला लागले.

राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच पडून आहे. आणि मी? हेडफोनवाल्या कलीगला आता लांबून हाक मारत नाही. चॅटवर पिंग करते. दोन मिनिटांत उत्तर येतं, तेही स्मायलीसकट.