माळ्यावरची लक्ष्मी

मैत्रिणींनो, इमारत पुनर्विकासाला गेली की आवराआवर सुरू होते आणि माळ्यावरून काय काय खाली येतं! घाटकोपर-मुलुंडकडे तर ही गडबड नेहमीचीच. त्या पसाऱ्यात सासूबाईंच्या माहेरची, काच तडकलेली लक्ष्मीची तसबीर निघाली, तर लगेच रद्दीवाल्याला देऊन टाकू नका. आधी चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का, ते पाहा.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. काही काळ तो आपल्या घाटकोपरला होता, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. १९७२ साली आगीत तो जळाला. म्हणून जे काही उरलं, ते घराघरांतल्या भिंतींवर आणि माळ्यांवर!

या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगड केसभर सरकला तरी नथीचा मोती गालावर जाऊन बसायचा. जपानमध्ये १७६५च्या सुमारास असंच रंगागणिक वेगळा लाकडी ठसा कोरून छापू लागले. तिथल्या चित्रांत किमोनोची नक्षी, केसांची ठेवण असे, आणि नवी फॅशन त्यातून लोकांना कळे. रविवर्म्यांनाही बायकांच्या पेहरावाची मोठी हौस. १८९३च्या शिकागो प्रदर्शनाला त्यांनी दहा चित्रं पाठवली, त्यांत निरनिराळ्या प्रांतांतल्या बायका होत्या. कुणाची नऊवारी, कुणाचं मुंडू. छापील चित्रांतल्या देवींनाही त्यांनी साडीच नेसवली. आज आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मी येते ती साडीतच, नाही का?

कुणाकुणाच्या तसबिरीत साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या दिसतील. ही हौस बहुधा घरच्याच बायकांची. दुपारी कामं उरकल्यावर कुणी तरी बसून टाके घातलेले असतात. त्या बाईचं नाव कुठल्या कागदावर नसतं. तिची खूण म्हणजे तो टाकाच.

आता जपायचं कसं? ओल्या फडक्याला हात लावू नका. मऊ, कोरड्या ब्रशने फक्त काचेवरची आणि चौकटीवरची धूळ झाडा. फाटलं असेल तर चिकटपट्टी मुळीच नको; तिचा डिंक पुढे पिवळा डाग पाडतो. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून घ्या. मागची जुनी फळी किंवा पुठ्ठा तपकिरी झाला असेल तर चौकट करणाऱ्याकडून आम्लविरहित पुठ्ठा लावून घ्या. ऊन येणारी, न्हाणीघराला लागून असलेली ओलसर भिंत टाळा. पावसाळ्यात तसबिरीमागे बुचाचे दोन तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहील. बुरशी दिसली तर घरगुती उपाय न करता जाणकाराला दाखवा.

आणि हो, नव्या घरात जायच्या आधी सासूबाईंना विचारून घ्या, हे टाके कुणाचे? उत्तर चिठ्ठीवर लिहा आणि ती चौकटीच्या मागे पाकिटात ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवरच हे काम होतं, बरं का!