उठवतं कोण?

मराठवाड्यातला पूर, पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद यांवर या अंकात लेख आहेत. इथे उजळणी नको. आम्हाला वर्षभर खटकलं ते वेगळंच. वृद्धांविषयीचं आपलं बहुतेक धोरण फिरून फिरून कुटुंबाच्या दारात येऊन थांबतं. अभ्यास झालेले नाहीत असं नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. अंघोळ, कपडे घालणं, जेवण, खाटेवरून उठणं, खोलीत चालणं, संडासला जाणं ही कामं जमतात का, असं थेट विचारलं. साठीपुढच्या जवळपास चौथ्या हिश्शाला यातलं एखादं तरी जड जातं. म्हणजे कोणाला उठवावं लागतं हे सरकारला ठाऊक आहे. उठवतं कोण, हा प्रश्न धोरणात कडेलाच राहतो. आईवडिलांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. सून नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात ती आली, पण तीही निर्वाहाला बांधील म्हणून, आणि ते विधेयक बारगळलं. दर दोन तासांनी कूस बदलणारी, डायपर बदलणारी मात्र बहुधा तीच, नाहीतर म्हाताऱ्याची तितकीच थकलेली बायको. सत्तरीपुढच्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. घरी आणल्यावर काय? शहरात नर्सिंग ब्यूरोची बाई, परवडली तर.

यावर ठरलेलं उत्तर असं, की आपण आईबापांना वृद्धाश्रमात टाकत नाही आणि परदेशी लाड आपल्याला झेपणारे नाहीत. पहिल्या मुद्द्यात गफलत आहे: बाहेरची मदत घेणं म्हणजे वृद्धाश्रमात टाकणं नव्हे. जपानने 2000 साली शुश्रूषेचा विमा आणला, चाळिशीपासून हप्ता घेतला, आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकांना रोख रक्कम देण्याऐवजी सेवाच पुरवायचं ठरवलं. पैसे हातात पडले की सून आणखी जखडली जाईल, हे तिथल्या स्त्रियांनी ठणकावून सांगितलं होतं. मदत घेणारे बहुतेक वृद्ध तिथेही आपापल्या घरीच राहतात. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. जपानलाही हप्ते वाढवावे लागले. पण केरळ म्हणजे काही जपान नव्हे. तरी तिथे 2008 च्या उपशामक सेवा धोरणानंतर पंचायती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. त्या जखमा धुतात, कॅथेटर बदलतात, घरच्यांना शिकवतात. पंचायती आणि आरोग्य केंद्रं महाराष्ट्रातही आहेत. फक्त हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नये, त्यासाठी पगारी माणसं नेमावीत.

अंकाचा विषय 'घर' आहे, म्हणून हे इथेच मांडलं. निमित्त ओढूनताणून आणलेलं वाटलं तरी चालेल. केरळने 2008 च्या धोरणानंतर केलेली सोय महाराष्ट्राला आज झेपत नाही, हे आम्हाला मान्य नाही. तुम्हाला असेल, तर जरूर लिहा.