कागद नको, चाचणी हवी!

इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या घरांतली कितीतरी मुलेमुली आज अमेरिकेत भाड्याच्या घरांत राहतात, काही शिकागोकडेही. म्हणून तिथल्या इलिनॉय राज्याच्या एका कायद्यावर आम्हाला बोलायचे आहे.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पायाच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि तळघरात, खालच्या मजल्यावर साठतो. त्यामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसे दगावतात, असा तिथल्या सरकारचाच अंदाज आहे.

१ जानेवारी २०२४ पासून इलिनॉयमध्ये घरमालकाने भाडेकरूला रेडॉनचे माहितीपत्रक आणि पूर्वीच्या चाचणीचे निकाल द्यायचे आहेत. पण चाचणी करण्याची सक्ती मालकावर नाही! ज्याने कधी मोजलेच नाही, तो दाखवणार काय? म्हणजे मोजणारा अडचणीत आणि न मोजणारा सुखी. वर भाडेकरूने हवे तर ९० दिवसांत स्वतः चाचणी करावी!

आम्ही बँकेतली माणसे. तारणाची किंमत कर्जदाराच्या तोंडी भरवशावर धरत नाही, आधी मोजून घेतो. मग जिवाचे मोल मोजायचे नाही काय? घर ज्याचे, भाडे ज्याच्या खिशात, चाचणीही त्यानेच केली पाहिजे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. फोनवर मुलांना "जेवलास का?" विचारता ना? यापुढे हेही विचारा, "घराची रेडॉन चाचणी झाली का? आकडा ४ पिकोक्युरीच्या खाली आहे ना?"