ताडपत्रीच्या घडीतला उंदीर

पावसाळा सरला की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. कोपऱ्यात टाकलेले गाडीचे जुने कव्हर कोणीतरी उलगडते आणि मधोमध मुठीएवढे भोक निघते. बाल्कनीवरून उतरवून जिन्याखाली कोंबलेल्या ताडपत्रीची कड झालर लावावी तशी कातरलेली असते. मग चर्चा रंगते ती पैशांची. कव्हर केवढ्याचे होते, वायरिंगही खाल्ले का, विमा मिळेल का. ते कव्हर झटकणारा माणूस बहुधा गाडीचा मालक नसतो; तो वॉचमन, गाड्या धुणारा पोऱ्या किंवा घरकामाच्या मावशी असतात. या चर्चेत त्यांचे नाव कुठेच येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

उंदीर कापड खात नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. शिवाय कापडाचे धागे, कव्हरच्या आतले मऊ अस्तर हे घरट्यासाठी आयते साहित्य ठरते. अनेक महिने कोणी हात न लावलेली, घडी घातलेली ताडपत्री म्हणजे त्याच्या लेखी अंधार, ऊब आणि आडोसा असलेली तयार खोलीच. खार आणि कावळेही कव्हरचे धागे ओढून नेतात; पण ते नेऊन झाडावर घरटे बांधतात. उंदीर आणि घूस तिथेच राहतात, तिथेच लेंड्या टाकतात आणि तिथेच मुततात. फरक पडतो तो इथे.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर आजारी पडत नाही, पण लघवीवाटे जंतू कित्येक महिने बाहेर टाकत राहतो. कोरड्या जागी आणि उन्हात हे जंतू लवकर मरतात; ओलाव्यात मात्र ते आठवडेच्या आठवडे टिकू शकतात. या आजाराचे बहुतेक रुग्ण साचलेल्या पाण्यातून, भातखाचरातल्या चिखलातून येतात हे खरे. मुंबईत 2005च्या महापुरानंतर ते सर्वांनी पाहिले, कोकणाला तर त्यासाठी महापुराचीही गरज पडत नाही. पण पावसाळ्यात रोज सकाळी ओल्याने घडी होणारे दुचाकीचे कव्हर किंवा न वाळवता गुंडाळलेली ताडपत्री म्हणजे जंतूंना हवा असलेला ओलावाच. हाताला साधी चीर असली, पायाला चिखल्या झालेल्या असल्या किंवा ओल्या हाताने डोळा चोळला, तरी त्यांना आत शिरायला वाट मिळते.

बाहेरच्या कापडी आडोशातले उंदीर काय करू शकतात, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात 2012च्या उन्हाळ्यात दहा पर्यटकांना हंताविषाणूची लागण झाली आणि त्यातले तिघे दगावले. त्यातले बहुतेक जण कॅनव्हासच्या तंबूवजा खोल्यांत राहिले होते. त्या खोल्यांच्या दुहेरी भिंतींच्या पोकळीत रानउंदरांनी घरटी केली होती. हा विषाणू उंदरांच्या वाळलेल्या लघवी-विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेल्याने पसरतो. तो विशिष्ट उंदीर आपल्याकडे नाही, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तिथल्या आरोग्य यंत्रणेने घालून दिलेली शिस्त मात्र उचलण्याजोगी आहे: उंदरांची घाण कोरडी झाडायची नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. कव्हर दोन्ही हातांनी धरून तोंडासमोर फडाफडा झटकले जाते. त्याऐवजी रबरी हातमोजे घालावेत, नाकातोंडावर मास्क लावावा. घाणीवर आधी घरगुती ब्लीचचे द्रावण (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) शिंपडून पाच मिनिटे थांबावे, मग ती ओल्या फडक्याने किंवा कागदाने टिपून घ्यावी. नंतर कव्हर साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. घडी घालून ठेवलेल्या ताडपत्रीत एकदम हात घालू नये, काठीने उलगडावी. उंदरामागोमाग साप येतो आणि मण्यारीला अशी जागा फार आवडते.

उंदीर दिसला की दुकानातून ‘उंदराचे औषध’ आणले जाते. विषाला औषध म्हणण्याची ही सवय कधीतरी मोडायला हवी. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट चपातीच्या तुकड्याला लावून पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवणारे लोक त्याच कोपऱ्यात मुले चेंडू शोधायला जातात हे विसरतात. या विषाने पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल अगदी बरे दिसते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. नेमका उतारा नाही. डांबरगोळ्यांनी उंदीर हटत नाही. पण जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाने ती गोळी तोंडात घातली, तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

त्यापेक्षा कंटाळवाणी कामे उपयोगी पडतात. बोटाएवढ्या फटीतून उंदीर सहज आत येतो, तेव्हा ड्रेनेजच्या आणि केबलच्या फटी जाळी व सिमेंटने बुजवाव्या लागतात. कचऱ्याच्या डब्याला झाकण लागते, कबुतरांना टाकायचे दाणे बंद करावे लागतात. कव्हर जमिनीवर न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. कॅमेऱ्यांवर लाखभर रुपये खर्च करणाऱ्या सोसायटीला सफाई करणाऱ्यांसाठी हातमोज्यांचा जोड जड जाऊ नये.

डॉक्टरांचाही यात वाटा आहे. ताप, पोटऱ्या दुखणे, लाल डोळे घेऊन आलेल्याच्या केसपेपरवर व्यवसायापुढे ‘मजूर’ एवढेच लिहिलेले असते, त्यातून काही कळत नाही. ‘पाण्यातून चालला होतात का?’ याबरोबरच ‘गेल्या महिन्यात अडगळ काढली होती का, कव्हरे धुतली होती का?’ हेही विचारावे. पहिल्या चार-पाच दिवसांत प्रतिपिंडांची चाचणी अनेकदा निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर तिच्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.