सॅक्सोफोनची रीड: केनची की सिंथेटिक?

लग्नसराई आली की हदगावातले बँडवाले मित्र मला विचारतात, ‘भाऊ, सिंथेटिक रीड घेऊ का?’ मी म्हणतो, आधी ऊन बघा. केनची रीड म्हणजे वेळूसारख्या उंच गवताची पातळ पट्टी. ओली असेल तरच नीट थरथरते. मे महिन्यात दोन गाण्यांच्या मधे ती वाळते, टोक लहरतं आणि सूर चिरकतो. ऐन वरातीत असं झालं की पुढची सुपारी गेलीच! कॅनडातल्या लेजेर कंपनीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या रीडला भिजवणं लागत नाही. पण साधारण एकीच्या पैशात केनच्या रीडचा डबा येतो. आवाजाचा गोडवा मला अजून केनमध्येच वाटतो. म्हणून रियाजाला केन, वरातीला सिंथेटिक. ऑनलाइन मागवताना अल्टो की टेनर ते तपासा. एका कंपनीची तीन नंबर दुसरीची अडीच भरू शकते.