फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

घरच्या कॉम्प्युटरचे अपडेट कायमचे बंद ठेवावे आणि सुरू राहून फसलेच, तर वेळ न घालवता फॉरमॅट मारावा, असा उपदेश अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हल्ली फार अधिकारवाणीने केला जातो. तो करणारे एक गृहस्थ आमच्या भागात या विषयातले जाणकार समजले जातात. चार माणसे जमली की त्यांचे पालुपद सुरू होते, ‘कायले अपडेटच्या नादी लागता जी? मशीन चालून राह्यली ना? मंग राहू द्या. अन् बिघडलीच त मारा फॉरमॅट, दोन घंट्यात नवी.’ ऐकणारे माना डोलावतात, कारण दोन तासांत नवे यंत्र कोणाला नको असते? हा सल्ला आळशी आहे, आणि त्याचे नुकसान सल्ला देणाऱ्याला कधीच सोसावे लागत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अपडेट ही यंत्र मंद करून नवे विकण्याची कंपन्यांची युक्ती आहे. अपडेटमुळेच जगभर कॉम्प्युटर बंद पडले. साध्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखे काही नसते. आणि एरर कोड वाचणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून फॉरमॅट हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय. पहिल्या मुद्द्याला एवढेच उत्तर पुरे की, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला, जे विंडोज अपडेट निघते त्याचा मोठा भाग सापडलेल्या फटी बुजवण्याचा असतो. आता शेवटच्या मुद्द्याकडे वळतो, कारण सगळे विष तिथे आहे.

फॉरमॅट कसा होतो ते जवळून पाहा. दुकानात यंत्र ठेवले की पहिला आणि बहुधा एकच प्रश्न येतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही कामाचं आहे काय, भाऊ?’ समोरचा माणूस निवृत्त शिक्षक असतो, संत्र्याचा बागाईतदार असतो किंवा विद्यापीठात प्रबंध लिहिणारी मुलगी असते. ते म्हणतात, ‘नाही जी, सगळं डेस्कटॉपवरच आहे.’ दुकानदार मान हलवतो आणि कामाला लागतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात, हे त्या माणसाला ठाऊक नसते आणि सांगायची तसदी कोणी घेत नाही. डिजिटल सहीचा सातबारा, पीक विम्याची पावती, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, लग्नाचे फोटो, प्रबंधाचे तिसरे प्रकरण, सगळे त्या दोन घंट्यांत जाते. वर पैसे मोजून घेतले जातात आणि पावतीवर ‘विंडोज इन्स्टॉल’ एवढेच लिहिलेले असते. यंत्राला झाले काय होते, याचा एक शब्द नाही.

कपाशीच्या चार ओळींवर लाल्या दिसला म्हणून वऱ्हाडातला शेतकरी अख्खे वावर नांगरून टाकत नाही. मॅग्नेशियम कमी पडले की नत्र, की जमीन पाणी धरून बसली, हे तो आधी पाहतो. तोच माणूस कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र कारण न विचारता सगळे उखडून टाकायला संमती देतो, कारण ‘जाणकारा’ने त्याला सांगितलेले असते की कारण कळतच नाही.

कारण कळते. यंत्र ते स्वतः सांगते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली अपडेट हिस्टरी उघडली की फसलेल्या अपडेटशेजारी एक कोड दिसतो. तो झिरो एक्स ८००७००७० असेल तर अर्थ सरळ आहे, डिस्कवर जागा नाही. १२८ जीबीच्या एसएसडीवर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ साठवणाऱ्या घरात हाच कोड भेटणार. झिरो एक्स ८००७३७१२ असेल तर अपडेटला लागणाऱ्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्या आहेत किंवा हरवल्या आहेत. त्या दुरुस्त करायला डीआयएसएम आणि एसएफसी ही दोन साधने विंडोजमध्येच दिलेली आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, आधी डीआयएसएमचा रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसीचा स्कॅननाऊ हुकूम द्यायचा आणि चहा घेऊन यायचा. यात सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे काय आहे? मोबाइलवरून वीजबिल भरणारा, सातबारा उतरवून घेणारा माणूस आठ आकडे वाचू शकत नाही, असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे.

आणि फॉरमॅटने काम होतेच, या खात्रीचे काय? जानेवारी २०२४ मधले उदाहरण घ्या. विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अपडेट आले. बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाला चुकवण्याची एक फट ते बुजवत होते. असंख्य घरी ते फसले आणि झिरो एक्स ८००७०६४३ हा कोड दाखवू लागले. पुन्हा प्रयत्न केला तरी पुन्हा तेच. कारण असे होते की रिकव्हरीसाठी डिस्कवर जे छोटे पार्टिशन राखून ठेवलेले असते, त्यात या अपडेटला २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि बऱ्याच यंत्रांत ती नव्हती. मायक्रोसॉफ्टने ते पार्टिशन वाढवण्याची रीत पायरीपायरीने जाहीर केली. आता फॉरमॅटवाल्यांचा इलाज पाहा. खिशातल्या जुन्याच पेनड्राइव्हवरून विंडोज टाकले की सेटअप ते पार्टिशन बहुधा पुन्हा त्याच लहान मापाचे करणार. म्हणजे माणसाचा सगळा डेटा गेला, पैसे गेले, आणि पुढच्या बुधवारी सकाळी पडद्यावर तोच कोड हजर. रोग तसाच, रोगी मात्र नागवला गेला.

याहून वाईट प्रकार बिटलॉकरचाच. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्कला आपोआप कुलूप लागते, मालकाला त्याचा पत्ता नसतो. एखाद्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरले की समोर दिसते, पाहून टाइप केली की यंत्र जसेच्या तसे उघडते. पण ‘लॉक झालं जी, आता फॉरमॅटच’ असे ऐकून लोक संमती देतात आणि पाच मिनिटांत परत मिळाला असता तो डेटा कायमचा घालवतात.

हा वाद आम्ही पूर्वीही घातला आहे, मराठी टायपिंगवरून. युनिकोडची गरजच काय, कृतिदेवमध्ये आमचे काम चालते ना, असे म्हणणारे हेच होते. ‘काम चालते’ हे त्यांचे तेव्हाही शेवटचे प्रमाण होते. मग यंत्र फॉरमॅट झाले, तो फॉन्ट गेला आणि दहा वर्षांचे लेखन इंग्रजी अक्षरांच्या चिखलासारखे दिसू लागले. तेव्हा ही मंडळी दुसऱ्या कोणाचा कॉम्प्युटर बिघडवायला निघून गेली होती.

आता ‘अपडेटमुळेच जग बंद पडले’ हा मुद्दा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीचे सदोष अपडेट गेले, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. हे खरे आहे. पण ते विंडोजचे अपडेट नव्हते, आणि इतक्या मोठ्या संकटावरचा इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकण्याचा. त्या यंत्रांना त्यासाठी फॉरमॅट मारावा लागला नाही. ज्या घटनेचा दाखला ते देतात, ती घटनाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. त्यांनी खरे म्हणजे ऑक्टोबर २०१८ चे उदाहरण द्यायला हवे होते. तेव्हा विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काहींच्या फाइली पुसल्या होत्या आणि कंपनीला ते थांबवून नोव्हेंबरमध्ये नव्याने द्यावे लागले. तो दोष मोठा होता आणि मी तो झाकणार नाही. पण त्यातून बॅकअप ठेवण्याचा आणि मोठे अपडेट काही आठवडे पुढे ढकलण्याचा धडा मिळतो. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत पॉज करायची सोय आहेच. अपडेटचे दार जन्मभर बंद करा, असा निष्कर्ष त्यातून कुठून निघतो?

चोरण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्यांनी १२ मे २०१७ आठवावा. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दीडशे देशांतली यंत्रे कुलूपबंद केली आणि सोडवायला ३०० डॉलरची खंडणी मागितली. चोरायचे काहीच नव्हते, माणसाला त्याच्याच फाइलींपासून तोडायचे होते. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट १४ मार्चला, जवळजवळ दोन महिने आधी, येऊन पडले होते. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच फटीचाही वापर करणाऱ्या नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि त्याच समूहाचे न्हावाशेव्याच्या बंदरातले टर्मिनल अडले.

दुरुस्ती करणाऱ्याला कारण शोधत बसणे परवडत नाही, असेही ऐकवतात. पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचेच दुकान चालवत होते. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर व्हायरसने पुन्हा पुन्हा बिघडून येतात हे पाहिल्यावर धाकटे बंधू संजय यांनी त्यावर इलाज करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुकान तेच, गिऱ्हाईकही तसलेच. फरक एवढाच की त्यांनी बिघाडाचे कारण विचारले.

मग करायचे काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, संध्याकाळी वावटळ सुटते आणि लाइन जाते. तेव्हा डेस्कटॉपचे अपडेट सकाळी लावा, इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर वादळाच्या तोंडी लावूच नका. लॅपटॉप चार्जरला जोडा. तीस टक्क्यांवर अडकल्यासारखे वाटले तरी पॉवरचे बटण दाबून धरू नका. ‘अनडूइंग चेंजेस’ दिसले तर घाबरू नका, यंत्र स्वतःला पूर्वस्थितीत नेत असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटला विंडोज कधी कधी मोजून-मापून वापरायचे कनेक्शन समजते, तेव्हा डाउनलोड अडू शकते. कोड वाचा, २०-२५ जीबी जागा मोकळी करा, जादाचे पेनड्राइव्ह-प्रिंटर काढा, वर सांगितलेले दोन हुकूम चालवा. तरीही अडले तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सेटअप उतरवून तो विंडोज सुरू असतानाच चालवा आणि फाइली व ॲप्स तशीच ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोज नव्याने बसते, घर तसेच राहते. यंत्र सुरूच होत नसेल तर रिकव्हरीच्या पडद्यावर शेवटचे अपडेट काढून टाकण्याची सोय असते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांनी नाव नोंदवले तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. जुन्या यंत्रांच्या मालकांनी ही नोंदणी करावी. आणि अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे माझी एवढीच मागणी आहे की, फॉरमॅट मारण्याआधी पावतीवर कोड लिहा, त्याचे कारण लिहा, आणि ‘सी ड्राइव्हमध्ये काही आहे काय’ असे न विचारता ‘डेस्कटॉपवर काय काय आहे, दाखवा’ असे विचारा. जो हे लिहून देणार नाही, त्याच्या हाती यंत्र देऊ नये.